नागुर्स्कीची कुस्ती

काही वर्षांपूर्वी एका रात्री झोप येईना म्हणून आम्ही दूरचित्रवाणी लावून बसलो असता 'हार्ट्स इन अटलांटिस' हा २००१ सालचा चित्रपट अर्ध्यावर आलेला सापडला. स्टीफन किंगच्या कथेवर बेतलेला हा चित्रपट. पटकथा विल्यम गोल्डमनची. त्यात वरच्या मजल्यावरचा एक वयस्क भाडेकरू (अँथनी हॉपकिन्स) घरातल्या लहान मुलाला एका फुटबॉलपटूची गोष्ट सांगतो. उमेद संपलेला, शरीराने थकलेला हा खेळाडू महायुद्धाच्या काळात माणसे कमी पडली म्हणून पुन्हा मैदानावर बोलावला जातो आणि एका सामन्यात, अखेरच्या टप्प्यात, चेंडू छातीशी धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत पुनःपुन्हा घुसत राहतो. गोष्ट एवढीच. पण हॉपकिन्स ती अशा काही आवाजात सांगतो की, त्या खेळाचा एकही नियम ठाऊक नसलेले आम्ही खुर्चीत ताठ होऊन बसलो.

चौकशी केली तेव्हा कळले की तो खेळाडू काल्पनिक नव्हे. त्याचे नाव ब्रॉन्को नागुर्स्की. किंगच्या मूळ कथेत हा प्रसंग नाही. गोल्डमनने तो आधी आपल्या 'मॅजिक' (१९७६) या कादंबरीत वापरला होता आणि पाव शतकानंतर तोच उचलून या पटकथेत आणून बसवला. लेखकाला एखादी गोष्ट लागली की तो घर बदलतानाही ती बरोबर नेतो, त्यातला हा प्रकार. इथवर सारे मनाजोगते होते. पुढे वाचत गेलो तेव्हा मात्र आम्ही जरा हिरमुसलो. नागुर्स्की व्यावसायिक फुटबॉल नऊ हंगाम खेळला. कुस्ती मात्र त्याने सुमारे पंचवीस वर्षे केली. आणि ही कुस्ती होती निकाल आधीच ठरलेली, तिकिटे लावून दाखवायची, ज्याला आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात त्या जातीची.

हिरमुसण्यासारखे त्यात काय होते? हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर आम्हांला फारसे सुखाचे वाटले नाही.

नागुर्स्कीचा जन्म ३ नोव्हेंबर १९०८ रोजी कॅनडातील रेनी रिव्हर येथे झाला. आईवडील युक्रेनी वंशाचे स्थलांतरित. ब्रॉन्को लहान असतानाच कुटुंब सीमेपलीकडे, मिनेसोटातल्या इंटरनॅशनल फॉल्स या गावी आले. अमेरिकेच्या उत्तर टोकाचे, हिवाळ्यात हाडे गोठवणारे हे गाव. नागुर्स्कीने आयुष्यभर घर म्हणून तेच धरून ठेवले. मिनेसोटा विद्यापीठाच्या संघात तो कसा आला याची एक दंतकथा आहे. संघाचे प्रशिक्षक डॉ. स्पिअर्स गाडीतून चालले असताना शेतात नांगरणारा एक तरुण त्यांना दिसला. त्यांनी गावाचा रस्ता विचारला, तेव्हा त्या तरुणाने नांगर एका हाताने उचलून त्यानेच दिशा दाखवली! ही कथा खरी असण्याचा संभव नाही. पण ती टिकली आहे, आणि ज्याच्याविषयी अशी कथा रचली जाते तो माणूस पाहणाऱ्यांना कसा दिसत असेल, याची कल्पना तिच्यावरून येते.

येथे त्या खेळाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. अमेरिकन फुटबॉल हा पायाने खेळायचा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या सीमेपलीकडे नेणे हे त्यातले मुख्य काम. संघाच्या पुढच्या फळीत जे धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात त्यांच्यापैकी एक जागा 'टॅकल'ची, आणि चेंडू घेऊन त्या भिंतीत घुसणारा तो 'फुलबॅक'. एक भिंत धरणारा, एक भिंत फोडणारा. नागुर्स्की दोन्ही होता. १९२९ साली अखिल अमेरिकन संघांच्या निवडीत काहींनी त्याला फुलबॅक म्हणून घेतले, काहींनी टॅकल म्हणून. वजन सव्वादोनशे पौंडांच्या घरात; त्या काळी पुढच्या फळीतले बरेच गडीदेखील याहून हलके असत.

१९३० साली तो 'शिकागो बेअर्स' या व्यावसायिक संघात दाखल झाला. त्याच्या तेथील कारकिर्दीतला एकच प्रसंग सांगतो, कारण तो आमच्या विषयाशी लागू आहे. १९३२ सालच्या विजेतेपदाचा निर्णायक सामना हिमवर्षावामुळे शिकागोच्या एका बंदिस्त सभागृहात खेळवावा लागला. तेथे नुकतीच सर्कस होऊन गेली होती आणि तिच्यासाठी पसरलेली माती तशीच होती, हत्तीघोड्यांच्या लिदीसकट. मैदान नेहमीपेक्षा आखूड, भिंती अंगावर आलेल्या. गुणफलक कोरा. अशात नागुर्स्की चेंडू घेऊन भिंतीकडे धावला, अचानक थांबला, दोन पावले मागे आला आणि त्याने उडी मारून चेंडू रेड ग्रेंजकडे फेकला. बेअर्सनी तो सामना ९-० असा जिंकला. त्या वेळच्या नियमानुसार असा पुढे फेकायचा चेंडू रेषेच्या किमान पाच यार्ड मागून फेकावा लागे. नागुर्स्की तेवढा मागे गेलाच नव्हता, असा प्रतिपक्षाने कंठशोष केला. पंचांनी ऐकले नाही. पुढच्याच वर्षी तो नियम बदलण्यात आला. म्हणजे ज्याला आपण 'खरा' खेळ म्हणतो त्यातला हा विख्यात विजय मिळाला तो सर्कशीच्या मातीत, आणि तोही वादग्रस्त! हे आम्ही उगाच खोडसाळपणे नोंदवत नाही.

मंदीचे दिवस होते. पहिल्या हंगामात नागुर्स्कीला पाच हजार डॉलर मिळाले. पुढच्या वर्षी साडेचार हजार, त्याच्या पुढच्या वर्षी सदतीसशे. खेळ वाढत होता, कीर्ती वाढत होती आणि पगार उतरत होता. संघाचे मालक जॉर्ज हॅलस यांच्यावर तर काही खेळाडूंना रोख रकमेऐवजी वचनचिठ्ठ्या देण्याची वेळ आली होती. अशा वेळी, १९३३ च्या सुमारास, नागुर्स्कीने मिनिआपोलिसचे कुस्ती-व्यवस्थापक टोनी स्टेचर यांचे बोट धरून कुस्तीच्या रिंगणात पाऊल टाकले.

या वाटेने जाणारा तो पहिला नव्हता. गस सोनेनबर्ग नावाचा एक बुटका, रुंद फुटबॉलपटू त्याच्या आधी तेथे पोचला होता. १९२८ साली विजेता ठरलेल्या प्रॉव्हिडन्सच्या फुटबॉल संघात तो होता, आणि लगेच १९२९ च्या जानेवारीत बोस्टनमध्ये एड 'स्ट्रँगलर' लुईससारख्या मुरलेल्या मल्लाला हरवून तो कुस्तीचा जगज्जेताही झाला. कसा? तर फुटबॉलमध्ये पळणाऱ्या गड्यावर जशी अंग झोकून झेप घेतात तशी झेप त्याने रिंगणात आणली. तोवरची कुस्ती बऱ्याच अंशी जमिनीवर चाले. तासन्‌तास एकमेकांत गुंतून पडलेले दोन देह पाहून मागच्या बाकांवरच्या प्रेक्षकांना जांभया येत. सोनेनबर्गच्या झेपेने ती कुस्ती उभी राहिली, धावू लागली, लांबून दिसू लागली. आयोजकांच्या हे लगेच ध्यानात आले.

परंतु झेप हे काही एकच कारण नव्हते. आयोजकांना फुटबॉलपटू हवा होता तो त्याच्या पतीसाठी. कुस्तीविषयी लोकांच्या मनात संशय होताच, वृत्तपत्रेही कुजबुजत. फुटबॉलविषयी तसा संशय नव्हता. ज्याला लोकांनी चिखलात, बर्फात, खरोखर रक्तबंबाळ होताना पाहिले आहे असा माणूस रिंगणात उभा केला की त्याचा खरेपणा रिंगणालाही थोडा लागे. नागुर्स्कीपाशी विकण्याजोगे हेच होते. फुटबॉलने त्याला दिलेल्या खऱ्या नावावर त्याने खोट्या कुस्तीत कर्ज काढले, असे हवे तर म्हणावे.

आणि ते फेडले कसे? १९३७ सालच्या एका तीन आठवड्यांच्या काळात तो बेअर्सकडून पाच सामने खेळला आणि मधल्या दिवसांत आठ शहरांत कुस्त्या लढला. पोर्टलंड, व्हँकूव्हर, लॉस एंजेलिस, फिलाडेल्फिया. वाचकांनी अमेरिकेचा नकाशा उघडून ही गावे पाहावीत. आज फुटबॉलपटूच्या पोटरीला जरा ताण बसला तर त्याच्याभोवती चार वैद्य उभे राहतात. हा माणूस रविवारी सामना खेळून पश्चिम किनाऱ्यावर जाई, दोरांच्या चौकटीत आपटला जाई आणि पुढच्या सामन्याला परत येई. त्याच वर्षी २९ जूनला मिनिआपोलिसमध्ये डीन डेटनला हरवून तो एका जगज्जेतेपदाचा मानकरीही झाला होता. 'एका' म्हणण्याचे कारण असे की त्या काळी जगज्जेतेपदे अनेक होती, आयोजकांच्या टोळीगणिक एक. तो हंगाम संपला तेव्हा पगारवाढीवरून हॅलसशी बिनसले आणि नागुर्स्कीने फुटबॉल सोडला. राहिली कुस्ती.

या धंद्यातला एक शब्द आम्हांला फार बोलका वाटतो. अमेरिकेतले व्यावसायिक कुस्तीगीर आपसांत खऱ्या, न ठरवलेल्या लढतीला 'शूट' म्हणतात. आणि ठरवून केलेल्या लढतीला म्हणतात 'वर्क'. म्हणजे काम. आपल्या 'नुरा' या शब्दात हेटाळणी आहे, 'लटकी' या शब्दात आरोप आहे. 'वर्क' या शब्दात दोन्ही नाहीत. सकाळी डबा घेऊन गिरणीत जाणाऱ्याच्या तोंडी शोभेल असा तो शब्द आहे.

२३ जून १९३९ रोजी ह्यूस्टनमध्ये नागुर्स्कीने लू थेझला हरवून 'नॅशनल रेसलिंग असोसिएशन'चे जगज्जेतेपद मिळवले. थेझ तेव्हा तेवीस वर्षांचा होता. सेंट लुईसमधल्या हंगेरियन वंशाच्या चांभाराचा मुलगा, आणि विसाव्या शतकातल्या अस्सल कुस्ती-जाणत्यांपैकी एक. डावपेचांत नागुर्स्की त्याच्या पंक्तीला बसणारा नव्हता, हे कुणीही जाणकार सांगेल. तरीही पट्टा नागुर्स्कीच्या कमरेला गेला, कारण तिकिटे त्याच्या नावावर खपत. (हाच थेझ पुढे, साठच्या दशकात, मुंबईत येऊन दारा सिंगांशी लढला. त्या कुस्त्यांच्या आठवणी काढणारी माणसे आमच्या लहानपणी घरोघरी असत आणि 'ते सगळं खरं होतं का हो?' असे कुणी विचारले की त्यांचा चेहरा पडे.) पुढच्या वर्षी मार्चमध्ये रे स्टीलने नागुर्स्कीकडून पट्टा घेतला, १९४१ च्या मार्चमध्ये नागुर्स्कीने तो परत मिळवला आणि जूनमध्ये सँडॉर झाबोने पुन्हा नेला. ही नामावली येथेच थांबवतो. ती वाचताना आम्हांलाही कंटाळा आला होता, आणि तो कंटाळाच आमच्या मुद्द्याचा आहे.

कुस्तीवर लिहायचे आणि रोलाँ बार्थचे नाव घ्यायचे नाही हे साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे शक्य नाही. त्याचा कुस्तीवरचा निबंध प्रथम १९५२ साली 'एस्प्री' या नियतकालिकात आला आणि १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये तो अग्रभागी बसला. आमच्या पिढीतल्या मास्तरांनी तो इतक्यांदा शिकवला की त्याची पाने वर्गाबाहेरही आमच्या मागे येत. बार्थचे म्हणणे थोडक्यात असे: व्यावसायिक कुस्ती हा खेळ नव्हे, देखावा आहे, ती ठरवलेली आहे की नाही याच्याशी प्रेक्षकाला कर्तव्य नसते, त्याला हवी असते वेदनेची, पराभवाची, न्यायाची ढळढळीत खूण. मुष्टियुद्धात पुढे काय होईल यावर पैज लावता येते. कुस्तीत प्रत्येक क्षण आपल्यापुरता पूर्ण असतो. प्राचीन शोकांतिकेतला मुखवटा आणि पॅरिसच्या मळकट सभागृहातला मल्ल यांना त्याने एका रांगेत बसवले, आणि नुरा कुस्तीला कलेची प्रतिष्ठा दिली. आम्हीही ते मोठ्या उत्साहाने मुलांना शिकवले. नागुर्स्कीविषयी वाचताना प्रथमच असे जाणवले की बार्थ पूर्णवेळ प्रेक्षकांच्या बाकावर बसलेला आहे. त्याला देह दिसतो तो खूण म्हणून. तो देह उद्या रात्री दुसऱ्या गावी जाणार आहे, त्याचे गुडघे सुजले आहेत, त्याला आजच्या खुणेचे किती पैसे मिळाले, हे त्या निबंधाच्या दृष्टीच्या कक्षेत येत नाही. येण्याचे कारणही नाही, असे कुणी म्हणेल. आम्हीही पूर्वी तसेच म्हटले असते.

आता आमच्या हिरमुसण्याकडे येतो.

आमचे थोरले मामा पैलवान होते. सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका गावी त्यांची तालीम. पहाटे हौद्यातली माती खणणे, जोर-बैठका, दुपारी म्हशीचे दूध, तूप, बदामाची थंडाई, आणि जत्रांच्या हंगामात गावोगावचे कुस्त्यांचे फड. १९७२ च्या दुष्काळात हे सारे मोडकळीला आले. तालमीतली निम्मी पोरे रोजगार हमीच्या खडीवर गेली. मामांच्या घरची एक म्हैस विकली, मग दुसरी. खुराक तुटला की पैलवानाचे अंग दोन महिन्यांत उतरते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पुढच्या वर्षी एका जत्रेत मामांची मोठ्या इनामावर कुस्ती लागली. आम्ही दहा वर्षांचे होतो, वडिलांच्या खांद्यावर बसून पाहत होतो. हलगी कडकडत होती. चाळीस मिनिटे दोघे एकमेकांना झुंजत होते. पट निघत होता आणि सुटत होता, एकदा मामा खाली गेले, एकदा वर आले. अखेरीस पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली आणि इनाम दोघांत वाटून दिले. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडले, "नुरा! नुरा!" मग दहा जण ओरडले. वडिलांनी आम्हांला खांद्यावरून खाली उतरवले.

आठ-दहा वर्षांनी आम्ही महाविद्यालयात मराठी घेऊन शिकत असताना, समीक्षेचे नवे वारे अंगात भरलेले, सुट्टीत मामांकडे गेलो आणि सरळ विचारले, "मामा, ती कुस्ती ठरवलेली होती ना?" मामा गोठ्यात होते. त्यांनी आमच्याकडे न पाहताच सांगितले, "व्हय. त्याचा खांदा निखळला हुता आधीच्या फडात. घरी चार पोरं. मी जपून धरत हुतो. चाळीस मिनिटं भाच्या, दुसऱ्याचा खांदा जपत झुंजायचं. ते काय सोपं असतंय व्हय?"

आम्ही ते ऐकले आणि पुण्यास परतल्यावर महाविद्यालयाच्या वार्षिकांकात एक लेख लिहिला. विषय होता साहित्यातले पुरस्कार आणि वाङ्मयीन टोळ्या. लेखाच्या आरंभी ती जत्रेतली कुस्ती होती. गाव आणि नावे बदललेली, खांदा मात्र गाळलेला. खांदा ठेवला असता तर रूपक बिघडले असते! खोटेपणाला साजेशी उपमा मिळाल्याच्या आनंदात आम्ही होतो. लेखाला पारितोषिक मिळाले. वार्षिकांकाची प्रत आईने कौतुकाने माहेरी पाठवली, आणि मामेबहिणीने ती मामांना वाचून दाखवली. मामा आम्हांला काहीही बोलले नाहीत. त्यानंतर सतरा वर्षे ते हयात होते. येण्याजाण्यात, मायेत काही उणे पडले नाही. फक्त आमच्यासमोर त्यांनी कुस्तीचा विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि आम्ही गेलो की भिंतीवरचा फेटा बांधलेला त्यांचा फोटो आतल्या खोलीत गेलेला असे.

तर नागुर्स्की हा नुरा कुस्त्या करी असे वाचून आमचा चेहरा का पडला, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

१९४३ च्या त्या प्रसिद्ध सामन्याविषयी अजून लिहायचे राहिले. महायुद्धात तरुण खेळाडू सैन्यात गेले होते. पगारवाढ नाकारणारे हॅलस स्वतः नौदलात होते. बेअर्सनी नागुर्स्कीला परत बोलावले. तो पस्तिशीला आलेला. सहा वर्षे फुटबॉल सुटलेला. पण ही सहा वर्षे त्याने आरामखुर्चीत काढलेली नव्हती, रिंगणात काढली होती. हंगामभर त्याने टॅकलच्या जागेवर काम केले, भिंत धरण्याचे. चेंडू त्याच्याकडे आला नाही. अखेरचा साखळी सामना होता शिकागोच्याच कार्डिनल्स संघाशी, आणि गटात पहिले येण्यासाठी तो जिंकणे बेअर्सना आवश्यक होते. कार्डिनल्सनी त्या हंगामात एकही सामना जिंकला नव्हता. असा दुबळा संघ अखेरच्या चौथ्या भागाच्या सुरुवातीला २४-१४ असा पुढे! तेव्हा नागुर्स्कीला फुलबॅक म्हणून मागे उभे केले. त्या सामन्यात सोळा वेळा त्याच्या हाती चेंडू दिला गेला आणि त्याने चौऱ्याऐंशी यार्ड मिळवले. बेअर्स ३५-२४ असे जिंकले. २६ डिसेंबरला वॉशिंग्टनविरुद्धच्या अंतिम सामन्यातही बेअर्स ४१-२१ असे जिंकले आणि त्यात नागुर्स्कीचाही वाटा होता. मग त्याने फुटबॉल कायमचा सोडला.

सोळा वेळा. सरासरी काढली तर दर खेपेस सव्वापाच यार्ड, म्हणजे फार तर दहा पावले. गोल्डमन शिकागोच्याच उपनगरात वाढला. १९४३ साली तो बारा वर्षांचा होता. त्याने ही दहा-दहा पावले एका कादंबरीत ठेवली, एका चित्रपटात ठेवली, आणि तेथून ती एका निद्रिष्ट रात्री आमच्यापर्यंत पोचली. कथाकार म्हणून त्याची निवड अचूक आहे यात शंका नाही. आरंभ आहे, अडथळा आहे, वेळ संपत चालली आहे, वय झालेला नायक आहे. उलट कुस्तीची पंचवीस वर्षे घेतली तर कथा कोठे सुरू करायची आणि कोठे संपवायची? सॉल्ट लेक सिटीत एक रात्र, ओकलंडमध्ये एक रात्र. निकाल ठाऊक. नायकाला अडवणारा प्रतिनायक प्रत्यक्षात त्याच्याच धंद्यातला सोबती, दोघांनी मिळून एकमेकांची मान सांभाळायची, आणि सांभाळत आहोत हे तिकीट काढून आलेल्याला दिसू द्यायचे नाही. त्या चित्रपटातल्या कथनातून आमच्या मनात उतरला तो फुटबॉलवीर; पैलवान उतरलाच नाही.

आम्हांला असे वाटते की १९४३ चा तो पस्तिशीचा देह त्या सोळा खेपांना टिकला तो मधल्या वर्षांतल्या रिंगणानेच. पडणे, उठणे, पुन्हा पडणे हे जो आठवड्यातून चार रात्री करत आला त्याला चेंडू घेऊन आणखी सोळा वेळा पडण्याचे भय काय? हे आमचे अनुमान आहे, सिद्ध करता येणार नाही. पण गोष्ट सांगताना मधली वर्षे नुसती 'निवृत्तीची' म्हणून ओलांडली की वाचकाला चमत्कार दिसतो, आणि चमत्कार दिसावा अशी आपलीही इच्छा असते.

१९४३ नंतर नागुर्स्की पुन्हा रिंगणात गेला. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपर्यंत तो कुस्त्या करत होता, पन्नाशीला टेकेपर्यंत. घरी सहा मुले होती. १९६३ साली व्यावसायिक फुटबॉलचे कीर्तिमंदिर उघडले तेव्हा पहिल्याच तुकडीत त्याचे नाव होते. त्याच्या बोटातल्या कीर्तिमंदिराच्या अंगठीचे माप साडेएकोणीस होते, आणि आजही त्याच्याविषयी लिहिणारा प्रत्येक जण ही अंगठी सांगतोच, आम्हीही सांगितली. १९८४ च्या जानेवारीत टँपा येथे अठराव्या 'सुपर बोल'च्या आरंभी नाणे उडवण्याचा मान त्याला मिळाला. एरवी तो समारंभांपासून दूर, आपल्या थंड गावात राही. ७ जानेवारी १९९० रोजी तेथेच तो वारला.

कुस्ती सोडल्यावर त्याने इंटरनॅशनल फॉल्समध्ये पेट्रोल पंप चालवला. त्याच्याही भोवती गावाने एक दंतकथा रचलीच. नागुर्स्कीच्या पंपावर गाडीत पेट्रोल भरले की टाकीचे झाकण तो स्वतः पिळून बसवी, आणि ते मग दुसऱ्या कुणाच्याने उघडत नसे; म्हणून पुढच्या खेपेस गिऱ्हाइकाला मुकाट्याने त्याच्याच पंपावर यावे लागे.